लायसन्सचा फोटो : चेहरा आपलाच हवा

चांद्यात एका घरी आमचे नेहमीचे जाणे-येणे आहे. चांदे हे मुळशी तालुक्यातले गाव. शेजारी नांदे, म्हणून लोक चांदे-नांदे अशी नावे जोडीनेच घेतात. पलीकडे माण आणि त्यापलीकडे हिंजवडीच्या काचेच्या इमारती. या घराच्या पुढल्या खोलीत तीन तसबिरी आहेत. एक तथागतांची, एक बाबासाहेबांची आणि तिसरी घरातल्या आजोबांची. आजोबांचा फोटो काळा-पांढरा आहे, लहानाचा मोठा करून घेतल्यामुळे जरा धुरकट. त्यांच्या उजव्या खांद्यावर एक वाकडी काळी रेघ दिसते. नव्या माणसाला वाटते, काचेला तडा गेला असावा. पण तो तडा नाही, सरकारी शिक्क्याचा अर्धा गोल आहे.

आजोबा पुण्याच्या एका व्यापाऱ्याच्या मालट्रकवर ड्रायव्हर होते. लग्नात फोटो काढायला पैसे नव्हते. शिवाय फोटो काढला की आयुष्य घटते, असे म्हणणारी वडीलधारी माणसे तेव्हा घरोघरी होती. आजोबांनी उभ्या जन्मात फोटो काढला तो एकदाच, लायसन्ससाठी. त्याशिवाय नोकरी नव्हती. ते गेल्यावर मुलांनी लायसन्सच्या पुस्तिकेतला तोच फोटो स्टुडिओत नेला. शिक्क्याची रेघ पुसून देतो, असे फोटोवाला म्हणाला, तर आजी म्हणाल्या, "नको बाबा, रेघ पुसायला जाशील आणि त्यांचा खांदाच नेशील." म्हणून रेघ राहिली.

आपल्यातल्या कित्येक कुटुंबांत आजोबा-पणजोबांचा एकही फोटो नाही. ज्यांच्या घरी आहे, त्यांनी जरा चौकशी केली तर बहुतेक वेळा तो कुठल्या तरी ओळखपत्रावरचा निघतो. गिरणीच्या, रेल्वेच्या, नाही तर लायसन्सच्या. हौसेने काढलेला फोटो क्वचितच.

लायसन्सच्या फोटोचा इतिहासही थोडा सांगण्यासारखा आहे. १९३९ साली इंग्रजी अमदानीत मोटार वाहन कायदा झाला. त्याच्या सातव्या कलमात लायसन्सच्या अर्जाचे नियम होते. जो पगारी नोकर म्हणून गाडी चालवणार, किंवा जो माल अथवा प्रवासी वाहतुकीची गाडी चालवणार, त्याने आपल्या अलीकडच्या फोटोच्या तीन स्पष्ट प्रती अर्जाला जोडाव्यात, असे त्यात म्हटले होते. स्वतःची मोटार हौसेने चालवणाऱ्या मालकावर ही अट त्या मूळ कलमात नव्हती. डॉक्टरचा दाखलाही मुख्यतः पगारी माणसाकडूनच मागितला जाई. म्हणजे एकाच मोटारीत पुढे चाकावर बसणाऱ्या नोकराचा चेहरा सरकारदप्तरी हवा होता. मालकाने चाक हातात घेतले तर त्याच्या चेहऱ्याची गरज नव्हती! आणि ज्यांनी हा कायदा केला त्यांच्या इंग्लंडात तर १९९८ पर्यंत लायसन्सवर फोटोच नव्हता. तिथे नुसता कागद चाले.

१९८८ चा मोटार वाहन कायदा १ जुलै १९८९ पासून लागू झाला. त्याखालच्या केंद्रीय नियमांत प्रत्येक अर्जदाराकडून अलीकडच्या पासपोर्ट साइज फोटोच्या तीन प्रती मागितल्या गेल्या. मालक असो की नोकर, बंगल्यातला असो की वस्तीतला, तीन फोटो सर्वांनाच. आमच्या पिढीने लायसन्स काढले ते या नियमाने. एजंट मात्र "दहा फोटो आणा" म्हणायचा. उरलेल्या सात फोटोंचे तो काय करायचा हे आम्हांला अजून कळलेले नाही.

आता आजोबांच्या नातीची हकीकत सांगतो. हा लेख लिहायचे कारण तीच आहे.

ही मुलगी पिरंगुटच्या बाजूला एका ठिकाणी पॅकिंगच्या कामाला जात होती. २०२५ साली तिला अठरा वर्षे पूर्ण झाली. हिंजवडीकडे पार्सले पोचवणाऱ्या एका कंपनीत तिला काम मिळत होते, पण दुचाकी चालवता यायला हवी आणि पक्के लायसन्स हवे. दोन महिन्यांत आणलेस तर जागा तुझी, असे तिथल्या साहेबांनी सांगितले होते. मुलीला गाडी चालवता येते, वडिलांनी शिकवली आहे. प्रश्न फक्त कागदाचा. लर्निंग लायसन्स मिळाल्यावर तीस दिवस गेल्याशिवाय पक्क्याची परीक्षा देता येत नाही. तेव्हा दोन महिन्यांपैकी एक महिना तसाच गेलेला धरायचा. उरलेल्या एका महिन्यात सगळे बसवायचे.

२०२१ च्या जूनपासून महाराष्ट्रात आधार कार्डाच्या आधारे घरबसल्या लर्निंग लायसन्स काढता येते. आरटीओ कार्यालयात जावे लागत नाही. मुलगी एका सेवा केंद्रात गेली. आधार क्रमांक टाकला, मोबाईलवर आलेला आकडा सांगितला. नाव, जन्मतारीख, पत्ता सगळे आपोआप आले. फोटोही आपोआप आला. पण फोटो होता तो दोन वेण्या, लाल रिबिनी आणि शाळेच्या गणवेशातल्या सहा वर्षांच्या पोरीचा.

असे का व्हावे? आधारचा पहिला क्रमांक २९ सप्टेंबर २०१० रोजी आपल्याच महाराष्ट्रात, नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभली गावी दिला गेला. पुढल्या तीन-चार वर्षांत गावोगावच्या शाळांतून मुलांची नोंदणी झाली. आपली ही मुलगी तेव्हा पहिलीत होती. नियम असा आहे की मुलाच्या वयाच्या पाचव्या आणि पंधराव्या वर्षी बोटांचे ठसे, डोळे आणि फोटो पुन्हा घ्यायचे. पंधराव्या वर्षी कोणी सांगितले नाही, घरच्यांनाही ठाऊक नव्हते. आधार क्रमांक तोच चालत राहिला आणि त्यातला चेहरा पहिलीतच राहिला.

केंद्रातला मुलगा म्हणाला, "चालतंय, पुढं जाऊ या." मुलीने आम्हांला फोन केला. "काका, असं चालतं का?" आम्ही म्हणालो, थांब. घरबसल्या परीक्षा देताना कॅमेऱ्यासमोर चेहरा ठेवावा लागतो. सहा वर्षांच्या पोरीशी अठरा वर्षांच्या मुलीचा चेहरा यंत्राने कसा जुळवावा? आणि समजा जुळला, तरी तो फोटो लायसन्सवर गेला तर रस्त्यावरच्या हवालदाराला आणि कंपनीच्या दारातल्या वॉचमनला किती वेळा समजावत बसायचे?

अशा वेळी दोन रस्ते आहेत. एक, आधार केंद्रावर जाऊन आधीच फोटो नवा करून घ्यायचा. हे काम घरी बसून मोबाईलवर होत नाही. आपण नेलेला फोटोही तिथे चालत नाही. तिथल्या कॅमेऱ्यासमोर स्वतः बसावे लागते. फी किती ते केंद्रातल्या फलकावर लिहिलेले असते. तेवढीच द्यावी आणि पावती घ्यावी. ती नोंद व्हायला काही दिवस लागतात. दुसरा रस्ता, आधारची ती सोय न वापरता अर्ज भरायचा, आपला फोटो आणि सही स्वतः चढवायची आणि ठरलेल्या दिवशी मूळ कागद घेऊन आरटीओत जायचे. तिथे कागद तपासतात आणि तिथेच संगणकावर परीक्षा होते. दिवस मोडतो, पण हाती चेहरा आजचा राहतो. मुलीकडे वेळ कमी होता. तिने दुसरा रस्ता धरला.

वाचकांनी हे पुन्हा एकदा वाचावे आणि आज संध्याकाळी घरातल्या पंधरा वर्षांवरच्या मुलामुलींची आधार कार्डे काढून त्यांवरचे चेहरे पाहावेत, अशी आमची विनंती आहे. लायसन्सची वेळ येईपर्यंत थांबू नये. ठरलेल्या वयात हे काम करून घेतले तर त्याला पैसे पडत नाहीत.

पुढे फोटोसाठी मुलगी एका स्टुडिओत गेली. तिचा रंग सावळा आहे, आजोबांसारखा. स्टुडिओवाल्याने फोटो काढला, संगणकावर दोन-चार वेळा बोटे चालवली आणि प्रती हातात दिल्या. फोटोतल्या मुलीचा रंग गव्हाळ झाला होता. नाकाच्या बाजूची सावली गेली होती, गालावरचा लहानपणीचा व्रण गेला होता. "ताई, छान आलाय बघा," असे तो वर म्हणाला. मुलीलाही तो आवडला. आवडणारच, त्या वयात कोणाला आवडत नाही? तोच फोटो अर्जाला लागला. ठरलेल्या दिवशी ती एक दिवसाचा पगार बुडवून कार्यालयात गेली. खिडकीतल्या बाईंनी एकदा पडद्याकडे पाहिले, एकदा तिच्याकडे आणि विचारले, "हा फोटो तुझाच का?" मागे रांग होती. कोणीतरी हसले. दुसरा फोटो घेऊन पुन्हा यायला सांगितले.

घरी येऊन मुलगी रडली. फोटो परत आला म्हणून नव्हे. ती आजीला म्हणाली, "माझाच चेहरा माझा नाही म्हणाल्या." आजीने काय उत्तर दिले ते आम्हांला माहीत नाही. आम्ही गेलो तेव्हा दोघी मुकाट्याने लसूण सोलत बसल्या होत्या.

आम्हांला राग आला तो खिडकीतल्या बाईंचा नाही. त्यांनी त्यांचे काम केले. राग आला तो "छान" या शब्दाचा. न विचारता गोरे करून देणे ही स्टुडिओवाल्यांची जुनी सवय आहे आणि आपण ती पैसे देऊन चालू ठेवली आहे. लग्नाच्या फोटोत करा, तो तुमच्या हौसेचा भाग. ओळखीच्या फोटोत मात्र रंग बदलणे म्हणजे ओळख बदलणे. इथे फोटोचे काम एकच, समोरचा माणूस तोच आहे हे दाखवणे.

आणि दोष एकट्या स्टुडिओवाल्याचाही नाही. कॅमेराच मुळात कोणाचा चेहरा समोर ठेवून बनला हेही पाहावे लागते. रंगीत फिल्मच्या जमान्यात कोडॅक कंपनी फोटो छापणाऱ्यांना रंग जुळवण्यासाठी नमुन्याचे कार्ड पुरवत असे. त्याला शर्ली कार्ड म्हणत. त्यावर गोऱ्या स्त्रीचा फोटो असे. तिची कातडी बरोबर दिसली की रंग बरोबर, असा हिशेब. काळ्या माणसांचे चेहरे त्या हिशेबात अंधारात जात, नुसते डोळे आणि दात दिसत. आताची यंत्रेही त्यातून पुरती सुटलेली नाहीत. २०१८ साली अमेरिकेत जॉय ब्युओलाम्विनी आणि तिम्नित गेब्रू या दोन संशोधक स्त्रियांनी चेहऱ्यावरून स्त्री की पुरुष ते सांगणाऱ्या तीन कंपन्यांच्या संगणक प्रणाली तपासल्या. काळसर वर्णाच्या स्त्रियांच्या बाबतीत चुकीचे प्रमाण ३४.७ टक्क्यांपर्यंत गेले. गोऱ्या पुरुषांच्या बाबतीत ते एक टक्काही भरले नाही. यंत्राला जात-वर्ण कळत नाही असे म्हणतात. पण ज्या चेहऱ्यांवर त्याला शिकवले, तेवढेच चेहरे त्याला नीट कळतात.

तेव्हा आपल्या सावळ्या चेहऱ्याचा फोटो नीट यावा म्हणून आपणच थोडी काळजी घ्यायची. उपाय उजेड हा आहे, पावडर नव्हे. आम्ही त्या मुलीचा दुसरा फोटो घरीच काढला. सकाळी नऊच्या सुमारास दाराकडे तोंड करून तिला स्टुलावर बसवले. बाहेरचा मोकळा उजेड सरळ चेहऱ्यावर, पण ऊन नाही. डोक्यावरच्या ट्यूबलाइटखाली बसवले तर डोळ्यांखाली आणि हनुवटीखाली काळे पडते, म्हणून ट्यूब बंद केली. मागे धुतलेली पांढरी चादर लावली. चादरीपासून तिला दोन हात पुढे बसवले, म्हणजे सावली चादरीवर पडत नाही. पांढरा कुडता बदलून गडद निळा घालायला लावला, कारण पांढऱ्यापुढे पांढरे कपडे घातले की नुसते मुंडके तरंगल्यासारखे दिसते. मोबाईल तिच्या डोळ्यांच्या उंचीवर धरला. फार जवळून काढला तर नाक मोठे येते, म्हणून चार हात लांब राहिलो.

एक गोष्ट आमच्याही लक्षात आली नव्हती, ती मुलीच्या धाकट्या भावाने दाखवली. बऱ्याच मोबाईलांत चेहरा गुळगुळीत आणि उजळ करण्याची सोय असते आणि ती कित्येकदा आधीपासून चालूच असते. म्हणजे स्टुडिओवाला आपल्या खिशातच! ती बंद केली, तेव्हा गालावरचा व्रण परत आला.

चेहरा सरळ, दोन्ही डोळे उघडे, तोंड मिटलेले. टोपी, गॉगल नको. चष्मा असेल तर काचेवर उजेड चमकतो, म्हणून काढून ठेवलेला बरा. टिकली, कुंकू, मंगळसूत्र याला हरकत नाही. डोक्यावर पदर असेल तर कपाळापासून हनुवटीपर्यंत चेहरा उघडा दिसावा, एवढेच. केस डोळ्यांवर येऊ देऊ नयेत.

आता फोटो संगणकावर चढवण्याचे. इथे बहुतेकांचे घोडे अडते. लायसन्सच्या 'सारथी' या सरकारी संकेतस्थळावर फोटो १० ते २० केबी एवढ्याच वजनाचा लागतो. मोबाईलने काढलेला फोटो सहज तीन-चार एमबी, म्हणजे तीन-चार हजार केबी असतो. टेम्पोभर माल सायकलच्या कॅरिअरवर बसवण्यासारखे हे काम आहे. फोटोचे माप ४२० बाय ५२५ पिक्सेल आणि सहीचे २५६ बाय ६४. वजन कमी करताना केंद्रातली मुले घाईने फोटो दाबून किंवा ताणून बसवतात. कागदावरचा पासपोर्ट फोटो साडेतीन बाय साडेचार सेंटिमीटरचा असतो. संगणकावरचा त्याहून किंचित रुंद. ताणला की चेहरा पसरट होतो. आधी कडा कापून आकार जुळवावा आणि मगच वजन उतरवावे. आणि छापील फोटोचा मोबाईलने पुन्हा फोटो काढून तो कधी चढवू नये. त्यावर चकाकी येते आणि चेहरा पुसट होतो. सही कोऱ्या पांढऱ्या कागदावर काळ्या पेनने करून तिचा फोटो घ्यावा. वहीच्या रेघा असलेले पान नको. सगळे चढवल्यावर पडद्यावर दाखवतात, ते स्वतःच्या डोळ्यांनी पाहावे. "चालतंय" हा शब्द केंद्रातल्या मुलावर सोडू नये. लायसन्स त्याचे नाही, आपले आहे.

पुढे आरटीओत बसूनही कॅमेऱ्याने फोटो घेतात. तिथे उजेड आपल्या हातात नसतो. निदान गडद कपडे आणि सरळ मान एवढे आपल्या हातात असते.

मुलीचे काम चालू असताना तिच्या वडिलांच्या ध्यानात आले की त्यांच्या लायसन्सची मुदत संपत आली आहे. ते सत्तेचाळीस वर्षांचे. चाळिशीपुढच्या माणसाला फॉर्म १-अ, म्हणजे डॉक्टरचा दाखला लागतो. या फॉर्मवर अजून कागदी फोटो चिकटवावा लागतो. फॉर्मवरच लिहिलेले असते की डॉक्टरने सही अशी करावी की तिचा काही भाग फोटोवर आणि काही भाग दाखल्यावर यावा. उद्देश उघड आहे. नंतर कोणी फोटो उपटून दुसऱ्याचा चिकटवला तर सही तुटते आणि लबाडी पकडली जाते. आपले लोक काय करतात? कोऱ्या फॉर्मवर डॉक्टरची सही घेऊन येतात आणि फोटो घरी येऊन भाताच्या शिताने चिकटवतात. मग तो फॉर्म परत येतो आणि डॉक्टरकडे दुसरी खेप पडते. फोटो आधी चिकटवावा, सही नंतर. वडिलांना आम्ही हे सांगत होतो तेव्हा त्यांनी भिंतीकडे पाहिले. आजोबांच्या खांद्यावरचा अर्धा गोल कशासाठी होता, हे त्यांना त्या दिवशी समजले. शिक्क्याचा उरलेला अर्धा भाग पुस्तिकेच्या पानावर होता. ती पुस्तिका कुठे गेली ते घरात कोणालाच सांगता आले नाही.

जाता जाता मुदतीचेही सांगतो. तिशीच्या आत काढलेले खासगी गाडीचे लायसन्स २०१९ च्या दुरुस्तीनंतर वयाच्या चाळीस वर्षांपर्यंत चालते. म्हणजे आज अठराव्या वर्षी जो फोटो लागेल तो बावीस वर्षे खिशात राहणार. हल्ली डिजिलॉकरमधून मोबाईलवर दाखवलेले लायसन्सही चालते, पण त्यावर फोटो तोच. विनालायसन्स सापडल्यास कायद्यात पाच हजारांचा दंड आहे. पार्सल पोचवणाऱ्याच्या महिन्याच्या पगारातून तो काढून पाहा.

मुलीचा दुसरा फोटो खिडकीत कोणी अडवला नाही. त्याच दिवशी तिने परीक्षा दिली आणि उत्तीर्ण झाली. तीस दिवसांनी गाडी चालवून दाखवली. पक्के लायसन्स मोबाईलवर दिसू लागले तेव्हा कंपनीच्या मुदतीचे नऊ दिवस उरले होते. आता ती माण-हिंजवडीच्या रस्त्यांवर पार्सले पोचवते. पिंपळाच्या पानाचे चित्र चिकटवलेले हेल्मेट दिसले तर ओळखावे की तीच.

कार्ड पोस्टाने आले त्या दिवशी आम्ही चांद्यातच होतो. मुलीने ते आजीच्या हातात दिले. आजींनी चष्मा वर सरकवला, कार्ड डोळ्यांजवळ नेले, मग उलटे करून पाठ पाहिली, पुन्हा सुलटे केले आणि विचारले, "पण ह्याच्यावर शिक्का कुठंय गं?"